कागद शाबूत, लिपी हरवलेली : ‘कोडेक सापडत नाही’ या सूचनेचा इतिहास

१/
घरातल्या जुन्या लग्नाची किंवा गावच्या जत्रेची फाईल संगणकावर उघडावी, आवाज ऐकू यावा, पण पडद्यावर काळोख आणि ‘कोडेक उपलब्ध नाही’ एवढीच सूचना. फाईल बिघडली असे समजून कित्येक जण ती पुसून टाकतात. बहुतेक वेळा ती शाबूत असते. हरवलेला असतो तो तिचा वाचक. तो कसा हरवतो, याला सुमारे ५० वर्षांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्यावर.

२/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. शाई टिकली, कागद टिकला. पण मोडी शाळांतून गेली आणि ते कागद वाचणारे विरळ झाले. कोडेक ही व्हिडिओची लिपी समजा. ‘कोडर’ म्हणजे लिहिणारा आणि ‘डिकोडर’ म्हणजे वाचणारा, या दोहोंच्या जोडातून हा शब्द बनला.

३/
मुळात अशी लिपी हवीच कशाला? साधा हिशेब करू. जुन्या दूरचित्रवाणीच्या मापाचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. ठिपक्यामागे २ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट होतात. ७०० एमबीच्या सीडीवर असे चित्रण जेमतेम ३५ सेकंद मावेल. संक्षेप केल्यावाचून घरच्या संगणकावर चित्रपट पाहणे अशक्यच होते.

४/
या संक्षेपाच्या मुळाशी बेंगळुरूत जन्मलेले आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेले एक नाव आहे : नासिर अहमद. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटली, हे कारण. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/
ही पद्धत काय करते? चित्राचे लहान चौकोन पाडते, सामान्यतः ८ × ८ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनातील ढोबळ छटा आणि बारीक तपशील वेगळे काढते. डोळ्याला जे फारसे जाणवत नाही, ते मग गाळता येते. त्याला दुसरी युक्ती जोडली गेली : प्रत्येक चित्र नव्याने लिहायचे नाही, आधीच्या चित्रापेक्षा काय हलले एवढेच नोंदवायचे. व्हिडिओच्या बहुतेक प्रचलित लिप्या या दोन पायांवर उभ्या आहेत.

६/
१९८८ मध्ये ‘एमपेग’ हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याने ठरवलेल्या पहिल्या लिपीवर, एमपेग-१ वर, १९९३ मध्ये व्हीसीडी आली. ३५ सेकंदांच्या जागी आता एका तबकडीवर ७४ मिनिटे मावू लागली. आपल्याकडची लग्ने, मुंजी, गणेशोत्सव पुढे याच तबकड्यांवर घरोघर पोहोचले. सर्वांनी मान्य केलेली लिपी असल्याने त्या आजही बहुधा वाचता येतात.

७/
पण सगळेच एका लिपीत लिहीत नव्हते. ॲपलचे क्विकटाइम १९९१ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ १९९२ मध्ये. दुसऱ्याबरोबर ‘एव्हीआय’ फाईल आली, आणि इथेच एक गोंधळ जन्मला. एव्हीआय ही लिपी नव्हे. ती थैली आहे. पेशवाईत पत्र थैलीत घालून धाडत; थैली पाहून आतला मजकूर फारसीत आहे की मोडीत, हे कळत नसे. तसेच एव्हीआयच्या आत सिनेपॅक असेल, इंटेलचा इंडिओ असेल किंवा आणखी काही.

८/
मग संगणकाला लिपी कळायची कशी? थैलीच्या आत चार अक्षरांची खूण असते, तिला ‘फोरसीसी’ म्हणतात. सिनेपॅकची खूण ‘सीव्हीआयडी’, इंडिओच्या पाचव्या आवृत्तीची ‘आयव्ही५०’. विंडोज ही खूण वाचून आपल्या नोंदवहीत त्या नावाचा वाचक शोधत असे. नोंद मिळाली नाही, की कोडेक सापडत नसल्याची सूचना. त्या सूचनेचा अर्थ एवढाच : पत्र आले आहे, वाचणारा कचेरीत नाही.

९/
आवाज येतो आणि चित्र येत नाही, याचे कारणही इथेच आहे. एकाच थैलीत चित्र आणि ध्वनी हे दोन वेगळे प्रवाह असतात आणि त्यांच्या लिप्याही वेगळ्या असतात. ध्वनीचा वाचक हजर, चित्राचा गैरहजर, म्हणून काळ्या पडद्यावर सनई वाजत राहते. उलटही घडते : नवरा-नवरी ओठ हलवतात, आवाज नाही.

१०/
या गोंधळाला खरी धार आली १९९० च्या दशकाच्या अखेरीस. मायक्रोसॉफ्टने आपला एमपेग-४ कोडेक स्वतःच्या ‘एएसएफ’ थैलीपुरता बांधून ठेवला होता. जेरोम रोटा या फ्रेंच तंत्रज्ञाने ते बंधन काढून तो एव्हीआयमध्ये चालवला. हाच ‘डिव्हएक्स’. आता अख्खा चित्रपट एका सीडीवर बसू लागला आणि हातोहात फिरू लागला. पुढे कंपनी झाली, मुक्त प्रकल्प निघाला, तो बंद पडला; त्यातून बाहेर पडलेल्यांनी ‘एक्सव्हिड’ उभा केला. नावातली अक्षरे उलटी आहेत, हे लक्षात घ्या.

११/
लोकांच्या हाती फाईल आली, वाचक मात्र आला नाही. त्यावर उपाय म्हणून ‘कोडेक पॅक’ निघाले : एका झटक्यात डझनावारी वाचक. पण विंडोजमध्ये प्रत्येक वाचकाला एक मानांक असे आणि ज्याचा मानांक मोठा, त्याला काम मिळे. दोन पॅक बसवले, की मानासाठी चढाओढ लागे. काल चालणारी फाईल आज उलटी दिसे किंवा मधेच अडखळे. एका दरबारात सात चिटणीस नेमल्यावर दुसरे काय व्हायचे?

१२/
अडचण दिसली, की तिथे ठगही पोहोचतात. २००५-०६ च्या सुमारास ‘झ्लॉब’ नावाचा घातकी प्रोग्राम पसरला. व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक बसवा, असे सांगून तो संगणकात शिरत असे. वाचक म्हणून घरात घेतलेला हेरच तो. अनोळखी संकेतस्थळावरून कोडेक उतरवू नये, हा नियम तेव्हापासूनचा आणि तो आजही लागू आहे.

१३/
काही वेळा वाचक हरवत नाही, त्याला पगार परवडत नाही. डीव्हीडीच्या एमपेग-२ लिपीवर पेटंटे होती. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून डीव्हीडी पाहण्याची सोय काढली गेली. परवान्याचा खर्च हे एक कारण होते. त्याच वर्षी ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकासाठी एमपेग-२ ची किल्ली २ पौंड ४० पेन्सला वेगळी विकली जाऊ लागली. चिपला ही लिपी येत होती, तोंडावर कुलूप होते. या लिपीचे अमेरिकेतील शेवटचे पेटंट संपले फेब्रुवारी २०१८ मध्ये.

१४/
कधी वाचकाला मुद्दाम काढूनही टाकतात. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज एक्सपीवरच्या मीडिया प्लेअरमध्ये इंडिओ चालणे रोखले. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्राम बंद केले. त्यांच्याबरोबर क्विकटाइम ७ गेले आणि सिनेपॅकसारख्या जुन्या लिप्यांचा वाचकही. दोन्ही निर्णयांना कारणे होती. पण वर्षानुवर्षे चाललेली फाईल एका अद्ययावतीकरणानंतर मुकी झाली.

१५/
या हरवत्या लिप्या वाचवल्या कोणी? २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी ‘एफएफएमपेग’ सुरू केले. पुढे स्वयंसेवकांनी बंदिस्त कोडेकची उकल करून, अक्षर अक्षर लावावे तसे, वाचक नव्याने लिहिले. इंडिओही त्यात आला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणून सुरू झालेले ‘व्हीएलसी’ २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आले. ते असे कितीतरी वाचक पोटातच बाळगते, विंडोजच्या नोंदवहीत शोधत बसत नाही.

१६/
आता हा प्रश्न संपला, असे समजू नका. २०१३ च्या ‘एचईव्हीसी’ लिपीवर पेटंटधारकांचे एकाहून अधिक गट हक्क सांगतात. २०१७ पासून नवे आयफोन याच लिपीत चित्रण करू लागले. विंडोजवर मात्र तिचा विस्तार मायक्रोसॉफ्टच्या दुकानात वेगळा विकत मिळतो. या कटकटीला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन आदींनी २०१५ मध्ये आघाडी केली आणि २०१८ मध्ये ‘एव्ही१’ ही विनामोबदला वापरता येणारी लिपी आणली. जुन्या संगणकाला आता तीही शिकावी लागते.

१७/
म्हणून फाईल उघडत नसेल, तर क्रम असा ठेवा :
• काहीही पुसू नका. आधी मूळ फाईलची प्रत करा.
• शेपटावरचे ‘एव्हीआय’ किंवा ‘एमपी४’ ही थैली आहे. आतली लिपी ‘मीडियाइन्फो’ किंवा ‘एफएफप्रोब’ने पाहा.
• व्हीएलसीत चालवून पाहा. चालली, तर फाईल निरोगी आहे.
• अनोळखी कोडेक पॅक टाळा.
• एफएफएमपेगने एच.२६४ सारख्या सर्वत्र चालणाऱ्या लिपीत नक्कल करा, आणि मूळ फाईलही जपा. नकलेत काही तपशील गळतो, मूळ कागदाची जागा ती घेऊ शकत नाही.

१८/
रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, कारण मोडी वाचणारे लोक हाताशी होते. आजोबांचा आवाज, मोडकळीला येण्याआधीचा वाडा, गावची शेवटची बैलगाडी शर्यत : आपल्या पिढीचे दफ्तर अशा फायलींत पडून आहे. उद्याच्या इतिहासकाराला ती साधने लागतील. या रविवारी एक जुनी तबकडी काढा आणि तिच्यावर कोणती लिपी आहे, एवढे तरी पाहून ठेवा.