ऐन भरात गायब झालेला टोनी स्लॅटरी : स्क्रिप्टशिवाय ब्रिटनला हसवणाऱ्या कलाकाराची गोष्ट

हातात स्क्रिप्ट नाही, तालीम नाही. प्रेक्षकांनी एखादा विषय सुचवायचा आणि कलाकाराने त्याच क्षणी त्यावर प्रसंग किंवा गाणं उभं करायचं. विनोदाच्या या प्रकाराला इम्प्रोव्ह म्हणतात. ब्रिटनमध्ये तो घराघरांत पोहोचवला 'हूज लाईन इज इट एनीवे?' या शोने, आणि या शोचा एक लाडका चेहरा होता टोनी स्लॅटरी.

सुरुवात कुठे झाली?

टोनीचा जन्म ९ नोव्हेंबर १९५९ चा, लंडनमधला. आयर्लंडहून आलेल्या कामगार कुटुंबातल्या पाच भावंडांत तो सगळ्यात धाकटा. केंब्रिजला भाषा शिकायला गेला आणि तिथल्या 'फूटलाइट्स' या विद्यार्थ्यांच्या नाट्यसंस्थेत रमला. सोबतीला होते स्टीफन फ्राय, पुढे 'हाऊस' मालिकेमुळे जगभर गाजलेला ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन. १९८१ साली या मंडळींच्या 'द सेलर टेप्स' कार्यक्रमाने एडिंबरा महोत्सवात पहिला पेरियर पुरस्कार पटकावला.

जिकडेतिकडे टोनी

१९८८ साली 'हूज लाईन' रेडिओवरून चॅनल ४ वर आला. टोनी त्यात १९९५ पर्यंत होता. सोबत नाटकं, जाहिराती, क्विझ शो आणि 'द क्राइंग गेम', 'पीटर्स फ्रेंड्स' असे सिनेमेही सुरू होते. 'नेव्हिल्स आयलंड' नाटकासाठी त्याला ऑलिव्हिए पुरस्काराचं नामांकन मिळालं. समोरच्याने काहीही सुचवलं तरी नकार द्यायचा नाही, हा इम्प्रोव्हचा पहिला नियम. टोनीने कामांच्या बाबतीतही तेच केलं. तो इतक्या ठिकाणी दिसायचा की त्यावरच विनोद व्हायला लागले.

मग नेमकं काय झालं?

१९९६ मध्ये तो कोसळला. दारू आणि कोकेनचं व्यसन होतंच, त्यात मानसिक आजाराची भर पडली. थेम्स नदीकाठच्या जागेत त्याने स्वतःला कित्येक महिने कोंडून घेतलं. ना फोन उचलायचा, ना पत्रं उघडायचा.

लपवलं काहीच नाही

२००६ साली स्टीफन फ्रायच्या बायपोलर आजारावरच्या माहितीपटात टोनी या दिवसांबद्दल बोलला. पुढे २०२० मध्ये बीबीसीने खास त्याच्यावरच माहितीपट केला. आठव्या वर्षी एका धर्मगुरूने केलेल्या अत्याचाराबद्दलही त्याने सांगितलं. या सगळ्या काळात १९८६ पासूनचा त्याचा जोडीदार, अभिनेता मार्क मायकल हचिन्सन त्याच्यासोबत राहिला.

पूर्वीची प्रसिद्धी परत मिळाली नाही. तरीही टोनी पुन्हा इम्प्रोव्हच्या स्टेजवर उभा राहिला आणि २०२४ मध्ये त्याने स्वतःचं पॉडकास्टही सुरू केलं. १४ जानेवारी २०२५ रोजी, हार्ट अटॅकनंतर, वयाच्या ६५ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

त्याचे जुने भाग आजही ऑनलाइन बघायला मिळतात. समोरून विषय येतो आणि पुढच्याच क्षणी टोनी सुरू झालेला असतो.