पी०१३५ : एका पिवळ्या दिव्याचं कूळ

धाराशिव जिल्ह्यात नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की बोलेरो पिकअप डोळ्यांपुढे येते, आणि ती बहुधा डिझेलवर चालते. जुन्या डिझेल गाडीत आपल्या कथेतला ऑक्सिजन सेन्सर सहसा नसतोच. त्यामुळे ही कुळकथा तिची नाही. ती आहे पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांची, भूमचा खवा नाहीतर कळंबची भाजी घेऊन पहाटे निघणाऱ्या सीएनजीच्या छोट्या हत्तीची. येडशीच्या आसपास डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र उजळतं. गॅरेजात स्कॅनर लावला की पडद्यावर येतं पी०१३५. फिटर म्हणतो, ‘ओटू सेन्सर गेला.’ मालक विचारतो, ‘कितीला पडंल?’

सेन्सर गेला, असं तो कोड म्हणतच नाही. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड. १ म्हणजे हवा-इंधनाचं मोजमाप. शेवटच्या ३५चा अर्थ एवढाच, की इंजिनाकडून पहिल्या सेन्सरला जो हीटर आहे, त्याच्या सर्किटमध्ये काहीतरी बिघडलं आहे. सर्किटमध्ये फ्यूज येतो, वायर येते, कनेक्टर येतो, आणि सरतेशेवटी सेन्सर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत मी तरी आधी उंदराने कुरतडलेली वायर शोधीन.

पण धुराच्या पाइपात बसलेल्या वस्तूला वेगळा हीटर कशाला? त्याचं उत्तर १८९७ सालच्या जर्मनीत आहे. ग्योटिंगेनमध्ये शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी विजेचा एक दिवा केला. त्यात तार नव्हती. झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थात थोडं यिट्रिया मिसळून भाजलेली कांडी होती. थंड असताना ती वीज वाहू देत नाही, तापली की देते. म्हणजे दिवा लागण्याआधी तो तापवायचा! टंगस्टनच्या तारेपुढे असला आढ्यताखोर दिवा कसा टिकणार? तो गेला, मातीचा गुण मात्र राहिला. तापलेल्या झिर्कोनियाच्या एका अंगाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगाला इंजिनाचा धूर ठेवला, तर ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. किती, ते सांगणारं समीकरण नेर्न्स्ट यांनीच १८८९ मध्ये मांडलेलं होतं.

स्पार्क प्लगमुळे चिनीमाती भाजण्यात हात बसलेल्या बॉश कंपनीने १९७६ मध्ये या मातीचा सेन्सर बाजारात आणला. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक होते, म्हणून तो आधी तिकडे जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला. व्होल्वोने अभिमानाने पुढच्या जाळीवर ‘लॅम्बडा सोंड’ अशी या सेन्सरच्या नावाची पट्टीही लावली. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला वजनाने एक भाग पेट्रोलमागे १४.७ भाग हवा लागते. थोडं इकडेतिकडे झालं तर त्याचं काम बिघडतं. सेन्सर हे पाळत ठेवण्याचं काम करतो, पण सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्यावरच. आधी तो निव्वळ धुराच्या उष्णतेवर विसंबून होता; १९८२ मध्ये त्याच्या पोटात हीटर आला. पी०१३५ म्हणजे नेर्न्स्टच्या दिव्याचीच जुनी तक्रार.

आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ मध्ये आला, आणि शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं २००० मध्ये. ते गरजेचंच होतं, शिशाने कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही मरतात. कोडची सक्तीही कॅलिफोर्नियाचीच, १९८८ची. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत दोन पिना तारेने जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्यांना एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि एकच कोडभाषा आली. गाडी धूर जास्त सोडते का, हे कळावं म्हणून ही भाषा घडली. कोणता पार्ट विकत घ्यावा हे सांगायला ती जन्मलीच नाही, आणि गॅरेजात नेमका तिथेच घोटाळा होतो.

तेरच्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोण कच्चं, कोण पक्कं ते सांगितल्याची कथा या जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे. चांगला फिटर हेच करतो. चालू, तापल्या इंजिनावर सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखं खालीवर व्हायला हवं. ते तळाशीच बसलं असेल तर तो हवेच्या नळीत जाणूनबुजून थोडा इंधनवायू सोडतो. व्होल्टेजने उडी मारली की मडकं पक्कं, दुखणं दुसरीकडे.

अशीच एक गाडी उमरग्याकडे पाहिली. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. दोन सेन्सर बदलून झाले होते. इंजिन नुकतंच चालू केलेलं असताना मिस्त्रीने ओला फडका पाइपभर फिरवला. सेन्सरच्या वर, मॅनिफोल्डच्या जोडाशी, फस्स असा आवाज येत होता. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि बिचारा सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन फार आहे’ म्हणत होता. वेल्डिंगवाला शेजारीच होता. त्याने टाका मारला, फिटरने कोड पुसला, आणि मालक काढून ठेवलेले दोन जुने सेन्सर कागदात गुंडाळून घेऊन गेला.