भिंगारलगतचे बंदिवान आणि अमेरिकेची पत

ऑगस्ट १९४२. भिंगारलगतच्या अहमदनगर किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद बंदिवान झाले. त्याच महिन्यात वेंडेल विल्की जगप्रवासास निघाले. १९४० मध्ये रूझवेल्ट यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या विल्कींना १९४४ ची उमेदवारीही हवी होती.

कैरोपासून पुढे लोक त्यांना हिंदुस्थानविषयी विचारत राहिले. हिंदी स्वातंत्र्य लांबणीवर पडल्याने पूर्वेत ब्रिटनची नव्हे, अमेरिकेची पत घसरली, असे त्यांना चीनमध्ये ऐकावे लागले. २६ ऑक्टोबरच्या नभोवाणी भाषणात त्यांनी ते देशबांधवांना सांगितले.

परकीयांना अमेरिकेत मताधिकार नव्हता. एप्रिल १९४४ मध्ये विस्कॉन्सिनच्या मतदारांनी नाकारताच विल्कींनी माघार घेतली. युद्धधोरण परकीयांनी ठरवावे, असा त्यांचा आग्रह नव्हता. पण स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्या राष्ट्रावर मित्रांचा विश्वास उरला आहे का, हे उमेदवाराने मतदारांना सांगितलेच पाहिजे.