नहर आली, मागून हिवताप आला

परवा इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. फिरोजशाह तुघलकाने कालवे बांधले, हे वाक्य मुलांना पाठच असते. एका मुलीने विचारले, "सर, पाणी आल्यावर लोक सुखी झाले का?" मी पटकन हो म्हणालो. घरी आल्यावर ते 'हो' मला बोचू लागले.

चौदाव्या शतकात फिरोजशाहने यमुनेचे पाणी कोरड्या हिसारपर्यंत नेले. पुढे नहर बुजली. शाहजहानच्या काळात अली मर्दान खानाने ती दुरुस्त करून दिल्लीत आणली आणि चांदणी चौकातून पाणी खेळू लागले. या नहरींचे आपल्याला फार कौतुक, मलाही आहे. मुघल सत्ता खचली तशी ती पुन्हा कोरडी पडली. कंपनी सरकारने तोच मार्ग परत मोकळा केला आणि १८२० मध्ये दिल्लीला पाणी पोहोचले.

जुना मार्ग काही ठिकाणी सखल भागातून जात होता. पावसाचे पाणी जिथून वाहून जायचे, तिथेच नहरीचे बांध आडवे आले. शेते चिबड झाली, डबकी साचली. कर्नालची लष्करी छावणी तापाने इतकी हैराण झाली की १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती अंबाल्याला हलवावी लागली.

तेव्हा गंगेच्या मोठ्या कालव्याचे घाटत होते. तोही आजार आणेल काय, हे पाहायला १८४५ मध्ये समिती नेमली गेली. बेकर, डॉक्टर डेम्पस्टर आणि हेन्री यूल असे तिघे तिच्यात होते. (हा यूल म्हणजे पुढे 'हॉब्सन-जॉब्सन' कोश करणारा. आम्हा भाषेच्या मास्तरांचा जुना परिचित!) डेम्पस्टरने गावोगावच्या लोकांची पोटे चाचपून पानथरी वाढली आहे का ते पाहिले. हिवताप वारंवार येऊन गेला की पानथरी वाढते. गावातला हिवताप मोजायची ही रीत पुढे जगभर वापरली गेली.

डासाचा संशय तेव्हा फारसा कुणाला नव्हता. दलदलीतली दूषित हवा हेच कारण मानत. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो १८९७ मध्ये. तरी समितीचे निरीक्षण खरे निघाले. ताप नहरीकाठी सगळीकडे सारखा नव्हता. चिकण जमीन आणि तुंबलेला निचरा असलेल्या गावांत तो जास्त होता. रेताड, निचऱ्याच्या जमिनीत कमी.

कारण आज आपल्याला समजते. डासाच्या अंगात जंतू तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. कोरड्या, तापलेल्या हवेत डास तेवढे जगतच नाही. पाझराचे पाणी आणि ओलावा त्याला अंडी घालायला जागाही देतो आणि आयुष्यही. थरच्या वाळवंटात इंदिरा गांधी कालव्यामागून हेच घडले. पूर्वी तिथे घरोघरच्या टाक्यांतला डास होता, कालव्याबरोबर पाटाच्या पाण्यात वाढणारा दुसराही आला. १९९४ मध्ये पश्चिम राजस्थानात हिवतापाची मोठी साथ आली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला माझे उत्तर बदलून सांगितले. तिने लगेच विचारले, "मग पाणी काढून द्यायला चर का नाही खणले?"

खणले, पण नहरीचा मार्ग बदलण्याचे आणि निचऱ्याचे मोठे काम समितीच्या अहवालानंतर कित्येक वर्षांनी झाले. नहरीच्या पाण्यावर पाणीपट्टी मिळते, चरातून वाहून जाणाऱ्या पाण्यावर कोण देणार?