आडनावाचे निशाण

आडनावावर बेतलेली जी कुलचिन्हांची तसबीर आजकाल जत्रेत मिळते आणि कारंजा तालुक्यातील कामरगावच्या गृहस्थासही घरबसल्या मागविता येते, तिच्यात वंश, गोत्र, गादीचा रंग, निशाण, वारू, विजयशस्त्र आणि देवक असा तपशील ओळीने मांडलेला असतो. ती तयार करणाऱ्यास आडनाव तेवढे पुरते. गाव, परगणा, वतन, आजा-पणजा यांची चौकशी त्याला करावी लागत नाही, आणि तिच्याविषयीच्या अविश्वासाचे मूळ माझ्या मते येथेच आहे.

त्यातल्या त्यात देवकाला आधार आहे. लग्नात देवकप्रतिष्ठेच्या वेळी आंबा, उंबर, कळंब अशा वृक्षांच्या डहाळ्या पुजल्या जातात, आणि समान देवकाच्या कुळांत सोयरीक वर्ज्य मानल्यामुळे ही खूण घरोघर जपली गेली. बाकीचा मजकूर बहुधा शहाण्णव कुळींच्या छापील याद्यांतून उचललेला. आणि त्या याद्या तरी एकमेकींशी कोठे जुळतात!

वऱ्हाडात तर ‘देशमुख’ हे परगण्याच्या वतनी अधिकाराचे नाव. ते वतन मराठ्यांकडे होते, ब्राह्मणांकडे होते आणि मुसलमानांकडेही होते. तेव्हा समस्त देशमुखांना एकच वारू आणि एकच गादी बहाल करणाऱ्याच्या औदार्यास सीमा नाही.

मराठी मुलखात निशाणी होती, पण ती वतनाची. गोतसभेच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाच्या नावापुढे नांगर, कुंभाराच्या नावापुढे चाक, अशी ज्याच्या त्याच्या हक्काची आकृती काढलेली आढळते. आणि पाटीलकी विकली गेली, म्हणजे इतर मानपानाबरोबर नांगरही विकत घेणाऱ्याकडे जाई, मग त्याचे आडनाव काही का असेना. बनावट महजर तेव्हाही होत असत. परंतु हक्काचा तंटा उभा राहिला, की गोताला पुन्हा बसवून साक्षी-पुरावे तपासता येत.

ज्या विलायतेकडून तसबिरीतल्या ढाल-मुकुटाची ही हौस आली, तेथेही 1484 साली स्थापन झालेली चिन्हाधिकाऱ्यांची संस्था चिन्ह देते ते व्यक्तीला, आणि ते तिच्या वंशजांकडे जाते. निव्वळ आडनाव जुळल्याने त्यावर कोणाचाही हक्क पोहोचत नाही. आमच्या संस्थानिकांची गोष्ट आणखी निराळी. 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यासारख्या राजांना जी चिन्हांकित निशाणे मिळाली, त्यांवरील ढाली बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या इंग्रज अंमलदाराने योजल्या होत्या. सिंहासनस्थांची ही कथा, तेथे तसबिरीतील साध्या शेतकऱ्याच्या ढालीचे काय सांगावे?

कामरगावच्या कुटुंबाला पूर्वज शोधावयाचे असतील, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. तेथे गाव आणि ज्ञाती यांवरून वही निघते, आणि यात्रेस आलेल्या पुरुषाने सांगितलेली बाप-आजाची, भावा-पुतण्यांची नावे त्याच्या सहीनिशी वा अंगठ्यानिशी नोंदलेली असतात. त्यांतही चुका असतात. मात्र ती नावे कोणी, कोणत्या साली सांगितली, हे त्याच पानावर वाचता येते.