मुलाखत आणि तिची नोंद

प्रवेशासाठी मुलाखत समक्ष घ्यावी की दूरस्थ, हा वाद २०२० च्या महासाथीनंतर वाढला. त्याचे मूळ मात्र जुने आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेस १०० व मुलाखतीस ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाते, अशी उमेदवारांची तक्रार होती. ‘अजय हासिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये हे प्रमाण मनमानी ठरविले, १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, असे सुचविले.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राज्याच्या पूर्व टोकास आहे. सालेकसा वा देवरीच्या विद्यार्थ्यास मुंबईतील मुलाखतीसाठी सारे राज्य ओलांडावे लागते. दूरस्थ मुलाखतीने हा प्रवास टळतो. तथापि वनभागात संपर्क तुटल्यास त्याचे मौन अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. समोरासमोर अडखळणाऱ्यास परीक्षकाच्या होकारार्थी मानेचा आधार मिळतो, तोही पडद्यावर क्षीण होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार, विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून होणाऱ्या पीएच.डी. प्रवेशात मुलाखतीचा भार ३० टक्के, म्हणजे न्यायालयाने सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट आहे. अशा स्थितीत माध्यमाहून नोंदीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दूरस्थ पद्धतीत मुद्रण सहज होते, समक्ष पद्धतीतही ते अशक्य नाही. नोंदच नसेल, तर नाकारलेल्या विद्यार्थ्यास दाद मागण्यासाठी दोन्ही पद्धतींत काहीच हाती उरत नाही.