कॉलऱ्याच्या दवाखान्यात जन्मलेलं पुस्तक

मागच्या रविवारी पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. (बायकोच्या भाषेत, 'एकदाचं घेतलं'.) सगळ्यात वरच्या फळीवर 'त्या' पुस्तकांची रांग आहे. 'त्या' म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. पहाटे पाचला उठा, सवयी बदला, ताण घालवा, नाही म्हणायला शिका, मन शांत ठेवा वगैरे. मोजली तर तेवीस भरली! त्यातली अकरा अप्रेझलच्या आसपास घेतलेली. हे मला ऑर्डरच्या तारखांवरून कळलं. लॉग फाइल कधी खोटं बोलत नाही :)

चोविसावं पुस्तक मात्र तिथे नव्हतं, आणि आजचा लेख त्या चोविसाव्यामुळे आहे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जवळच्या मित्राची नोकरी गेली. सकाळी मीटिंगचं आमंत्रण आलं, दुपारी लॅपटॉप लॉक झाला. कारण कुणी धड सांगितलं नाही. मी तेव्हा एका रिलीजमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो. भेटायला जायला हवं होतं, पण गेलो नाही. त्याऐवजी एक गाजलेलं पुस्तक ऑर्डर केलं आणि थेट त्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं. वर मेसेजही टाकला, "वाच रे, मस्त आहे."

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की सगळं आपल्याच हातात असतं. मग माझी नोकरी माझ्याच हाताने गेली का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही. डोक्यात एकच प्रश्न: ही पुस्तकं लिहायला सुरुवात केली तरी कुणी? आम्हा लोकांना बग सापडला की आधी पहिला कमिट बघायची सवय. म्हटलं, इथेही तेच करू.

तर मंडळी, पहिला कमिट आहे १८५९ सालचा. म्हणजे अगदी पहिला नव्हे, माणसाने कसं वागावं हे सांगणारे ग्रंथ सगळ्याच संस्कृतींत फार जुने आहेत. पण ज्या पुस्तकाच्या नावावरून या अख्ख्या फळीला नाव मिळालं, ते सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश माणसाचं 'सेल्फ-हेल्प'. नोव्हेंबर १८५९, लंडन, प्रकाशक जॉन मरे. गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्याच प्रकाशकाने डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ही काढलं. पहिल्या वर्षात 'सेल्फ-हेल्प'च्या वीस हजार प्रती गेल्या. स्माइल्स १९०४ साली वारला तोवर अडीच लाख. त्याआधी १८५५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने हेच हस्तलिखित साभार परत केलं होतं. (त्या प्रकाशकाच्या मनाला पुढे काय वाटलं असेल!)

आता हा स्माइल्स कोण? मला वाटलं होतं, कुणीतरी श्रीमंत, गुबगुबीत, उपदेश करणारा साहेब असेल. तसं अजिबात नाही. जन्म १८१२, हॅडिंग्टन नावाच्या छोट्या गावात. घरी अकरा भावंडं आणि एक किराणा-भुसार छापाचं दुकान. पोरगा एडिनबरोला डॉक्टरकी शिकत होता आणि १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत वडील गेले. शिक्षण तिथेच थांबायचं, पण आईने दुकान चालवलं आणि त्याला शिकू दिलं. हे वाचताना मी थबकलोच. 'स्वतःची मदत स्वतः करा' असं जगाला सांगणारा माणूस मुळात आईच्या गल्ल्यावर डॉक्टर झालेला!

गावातला दवाखाना काही फारसा चालला नाही. मग १८३८ मध्ये तो लीड्स शहरात 'लीड्स टाइम्स' या जहाल वर्तमानपत्राचा संपादक झाला. लीड्स म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. धूर, चाळी, बारा-बारा तासांच्या पाळ्या. कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून तो लिहीत होता, चळवळीच्या संघटनेचा सेक्रेटरीही होता. पुढे राजकारणावरचा त्याचा विश्वास उडत गेला. नुसते कायदे बदलून माणसाचं आयुष्य बदलत नाही, असं त्याला वाटू लागलं.

आता खरी गोष्ट. १८४५ च्या सुमारास लीड्समधल्या दोन-तीन गरीब तरुणांनी ठरवलं की हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसायचं आणि ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. फी नाही, मास्तर नाही. एकाच्या खोलीत सुरुवात झाली. पोरं वाढली, खोली पुरेना, म्हणून उन्हाळ्यात अंगणातच बसू लागले. पुन्हा थंडी आली तेव्हा भाड्याने जागा शोधली. पैसे जेमतेम. मिळाली ती एक मोठी, कळकट खोली. तिला दुसरं कुणी भाडेकरूच मिळत नव्हतं, कारण साथीत तिथे कॉलऱ्याचा तात्पुरता दवाखाना होता! लोक तिच्या जवळून जायलाही घाबरायचे. या पोरांनी तिथे दिवे लावले. लिहिणं-वाचणं, गणित, भूगोल, कुणाला येत असेल तर रसायनशास्त्र. बघता बघता शंभरेक जण झाले. मग त्यांना वाटलं, एखादं भाषणही हवं, आणि ते स्माइल्सकडे गेले: जरा येऊन आमच्याशी बोलाल का?

ज्याचे वडील कॉलऱ्याने गेले, तो माणूस कॉलऱ्याच्या जुन्या दवाखान्यात उभा राहून बोलला. तुमच्यासारख्याच परिस्थितीतून कोण कोण वर आले, त्यांच्या गोष्टी त्याने सांगितल्या. पुढे काही वर्षांनी त्या शंभरातला एक जण त्याच्या दारात आला. त्याचं बरं चाललं होतं, स्वतःचा धंदा होता, हाताखाली माणसं होती. तुमच्या बोलण्याचा उपयोग झाला, हे सांगायला तो मुद्दाम आला होता. स्माइल्सने जुनी टिपणं काढली. दिवसा रेल्वे कंपनीत सेक्रेटरीची नोकरी, लिखाण रात्री. (आपल्यातलाच म्हणायचा.) त्यातून तेरा प्रकरणांचं पुस्तक तयार झालं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल मला काय खटकलं ते. मुळात जे घडलं ते 'सेल्फ'-हेल्प नव्हतंच! ती एकमेकांची मदत होती. त्या पोरांच्या उपक्रमाचं वर्णन पुस्तकाच्या सुरुवातीला आहेही. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पुढच्या गोष्टी: एकटा आर्कराइट, एकटा जॅकार्ड, एकट्याची जिद्द. खोली गेली, शंभर पोरं गेली, उरला एकटा हिरो.

हे स्माइल्सच्याही लक्षात आलं होतं. १८६६ च्या सुधारलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने मान्य केलं की नाव जरा चुकलंच, लोकांना वाटतं मी स्वार्थाची भलामण करतोय. स्वतःला मदत करणं यात शेजाऱ्याला मदत करणंही आलं, असा खुलासाही केला. दुसरा आक्षेप होता, यशस्वी माणसांबद्दलच का लिहिलं, जे राबून राबून हरले त्यांचं काय? म्हणजे आपण ज्याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतो तो मुद्दा लोकांनी तेव्हाच काढला होता. त्यावर त्याचं उत्तर साधारण असं की नुसत्या अपयशाच्या कहाण्या वाचायला फार उदास होतील आणि त्यातून शिकायला काही मिळणार नाही. मला हे उत्तर पटलं नाही. माझ्या मित्राला तर मुळीच पटलं नसतं.

पण थांबा, पुस्तकाला एवढ्यात मोडीत काढू नका. आता गोष्ट जपानला जाते.

१८६६ मध्ये जपानच्या शोगुन सरकारने काही विद्यार्थी लंडनला पाठवले. त्यांच्या देखरेखीला होता नाकामुरा मासानाओ नावाचा कन्फ्यूशियन पंडित. दोन वर्षांत तिकडे सरकारच कोसळलं आणि मंडळींना परत बोलावलं गेलं. निघताना एका इंग्रज मित्राने नाकामुराच्या हातात 'सेल्फ-हेल्प' ठेवलं. त्याने त्याचा जपानी अनुवाद केला, तो १८७१ मध्ये पूर्ण छापून झाला. जातीपातीच्या उतरंडीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशात 'जन्मावर काही नसतं' हे सांगणारं पुस्तक म्हणजे वणव्यात ठिणगी. मेजी काळ संपेपर्यंत त्याच्या दहा लाखांच्या घरात प्रती खपल्या असं सांगतात. शाळांतूनही ते शिकवलं गेलं.

ते वाचणाऱ्यांत एका खेड्यातल्या सुताराचा मुलगाही होता. नाव साकिची तोयोदा, जन्म १८६७. स्माइल्सच्या पुस्तकात कापडधंद्यातल्या संशोधकांच्या गोष्टी भरपूर आहेत. हा पोरगा आईला हातमागावर खपताना बघत होता. १८९१ मध्ये त्याला सुधारलेल्या लाकडी मागाचं पेटंट मिळालं. १९२४ मध्ये त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग आला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले, एक लाख पौंडांचा करार झाला. ही कंपनी कुठली? इंग्लंडमधल्या लँकेशरची! ज्या मुलुखातल्या संशोधकांच्या गोष्टी वाचून पोरगा शिकला, त्याच मुलुखाला त्याने माग विकला. साकिची १९३० मध्ये गेला. त्याचा मुलगा किइचिरो मोटारींच्या मागे लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९९७ मध्ये किर्लोस्करांबरोबर बिडदीला आली तीच ही. साकिचीच्या जन्मस्थळी आता संग्रहालय आहे आणि तिथे काचेच्या पेटीत 'सेल्फ-हेल्प'ची एक प्रत ठेवलेली आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. टोयोटाच्या कारखान्यातून कानबान निघालं आणि फिरत फिरत आपल्या स्क्रीनवर येऊन बसलं. बिल्ड फेल झाला की पाइपलाइन थांबते ना, तो धागा तुटल्यावर थांबणाऱ्या मागाचाच वंशज समजा. 'पाच वेळा का विचारा' हेही साकिचीच्या नावावर सांगितलं जातं. आणि यातली गंमत बघा. पाच वेळा 'का' विचारायचं ते माणसाला दोष देण्यासाठी नव्हे, व्यवस्थेतली खोट शोधण्यासाठी. माग थांबला की आधी धागा बघतात, मशीन बघतात. विणकराला 'तुझी मानसिकता बदल' असं सांगत नाहीत.

मी मित्राला नेमकं तेच सांगितलं होतं, तेही कुरिअरने.

स्माइल्सबद्दल शेवटची एक गोष्ट. दिवसा नोकरी आणि रात्री लिखाण हे त्याला झेपलं नाही. १८७१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. लिहिणं-वाचणं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. शिकला, आणि १८७५ मध्ये पुढचं पुस्तकही काढलं. जिद्द होतीच, प्रश्नच नाही. पण जिद्दीची किंमत शरीराने चुकवली, हेही त्याच आयुष्यात आहे. तेवीस पुस्तकांच्या फळीकडे बघताना दोन्ही लक्षात ठेवलेलं बरं.

बाकी मित्राचं काय झालं? त्या फोननंतर पुढच्या शनिवारी मी त्याच्या घरी गेलो. नुसताच गेलो, पुस्तक वगैरे काही नाही. पहिले दोन शनिवार तर आम्ही नुसता चहा प्यायलो. मग आमच्या जुन्या टीममधली एक मैत्रीणही यायला लागली. गॅलरीत बसून एकमेकांचे खोटे इंटरव्ह्यू घ्यायचे, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. सिस्टिम डिझाइन तिचं, डेटाबेस माझे, आणि पोहे त्याच्या आईचे. सातव्या महिन्यात त्या मैत्रिणीच्याच रेफरन्सने त्याला नोकरी लागली. पहिली होती तशी नाही, पगारही कमी, पण लागली. लीड्सच्या त्या खोलीबद्दल मी तेव्हा काहीच वाचलेलं नव्हतं. हा सगळा शोध नंतरचा.

काल तो आला तेव्हा चोविसावं पुस्तक परत घेऊन आला. म्हणाला, "हे घे तुझं, तुझ्या कपाटात ठेव." चाळून बघितलं. पहिल्या बारा पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, पुढची पानं कोरी. फळीवर जागा केली आणि ठेवून दिलं.

असो. तुमच्या एखाद्या मित्राला असं पुस्तक द्यायचा विचार असेल तर जरूर द्या. फक्त स्वतः घेऊन जा.